मिटल्या पुस्तकाचा अभ्यास

दिवेलागण झाली, की आमच्या घरच्या ओसरीवर आम्हा चार-पाच मुलांची हजेरी मुकर्रर असे. हातपाय धुऊन, देवापुढे हात जोडून झाले, की घोंगडीवर ओळीने मांडी घालून बसायचे आणि परवचा म्हणायचा. आधी बे ते तीस पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, आणि शेवटी तिथी, नक्षत्रे व महिने, असा तो क्रम होता. आणि या साऱ्या व्यवहारात पुस्तक नावाची वस्तू कोठेही नसे. आजोबा एका आडत-पेढीवर दिवाणजी होते. खांबाला टेकून सुपारी कातरीत ते ऐकत असत, आणि माझा सतराचा पाढा भरधाव सुटला असताना मध्येच अडकित्ता थांबवून विचारीत, "सतरा आठे?" मी गडबडून जाई आणि ओठांतल्या ओठांत 'सतरा एके सतरा'पासून पायऱ्या चढू लागे. ते हसून म्हणत, "हा पाढा नव्हे, हे गाणं झालं. मधलं कडवं मागितलं, तर तुला पहिल्यापासून म्हणावं लागतं." मग तोच पाढा उलटा म्हणण्याची शिक्षा होई, आणि 'सतरा नव्वे त्रेपन्नासे' या शिखरावरून खाली उतरताना अक्षरशः घाम फुटे.

त्या शिक्षेत एक शास्त्र दडलेले होते, हे समजायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. शहरात शिकायला आलो आणि पाठांतराला 'घोकंपट्टी' म्हणून हिणविणारी सुशिक्षित हवा अंगाला लागली. मग अभ्यास म्हणजे पुस्तक उघडून बसणे, वाचणे, महत्त्वाच्या ओळींखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढणे आणि पुन्हा वाचणे, अशी माझी दृढ समजूत झाली. इतिहासाच्या परीक्षेच्या आधी मी पानिपतचे प्रकरण पाच वेळा वाचले होते. प्रश्नपत्रिकेत १७६१ च्या पराभवाची कारणे विचारलेली पाहून मनात म्हटले, हे तर आपलेच! लिहायला टाक उचलला, आणि लक्षात आले ते असे, की ती कारणे डाव्या हाताच्या पानावर, खालच्या अर्ध्या भागात आहेत, त्यांतील तिसऱ्या कारणाखाली दुहेरी रेघ आहे आणि बाजूला चहाच्या कपाचे वर्तुळ उमटलेले आहे. पानाचा नकाशा संपूर्ण डोळ्यांसमोर उभा होता. कारणे मात्र त्या नकाशातून जणू कोणी पुसून नेली होती.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता, तर तो सांगण्याचे प्रयोजन नव्हते. पण पुण्याच्या सदाशिव पेठेतील किंवा नारायण पेठेतील कोणत्याही अभ्यासिकेत आज डोकावून पाहावे. लाकडी फळ्यांनी आखलेल्या हातभर रुंदीच्या खणांत, गावाकडून महिन्याला येणाऱ्या पैशांवर खोली, खानावळ आणि अभ्यासिकेचे भाडे भागवीत, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे शेकडो तरुण पहाटेपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून बसलेले दिसतात. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कोणाचे धाडस होणार नाही. परंतु पुस्तकांची पाने पाहिली, तर कित्येक ठिकाणी पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे तीन रंग एकमेकांवर चढलेले असतात आणि रंगविल्याशिवाय सुटलेली ओळ शोधावी लागते. 'राज्यघटनेचं चौथं वाचन चालू आहे' हे वाक्य तेथे मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. किती वेळा वाचले, याचा हिशेब चोख असतो. पुस्तक मिटल्यावर किती उरले, याची रोजकीर्द कोणी ठेवीत नाही.

यात फसवणूक होते ती ओळख आणि स्मरण यांच्या गल्लतीमुळे. रस्त्यात भेटलेल्या एखाद्या गृहस्थांशी आपण 'काय, कसं काय?' म्हणून दहा मिनिटे जिव्हाळ्याने बोलतो, आणि ते वळणाआड गेल्यावर पत्नीने "कोण हो ते?" असे विचारले, की नाव काही केल्या आठवत नाही. चेहरा ओळखीचा असणे ही एक गोष्ट आणि नाव हाताशी असणे ही दुसरी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचलेला मजकूर नेमका असाच ओळखीच्या चेहऱ्याने समोर येतो, आणि 'हे तर आपल्याला येते' असा निर्वाळा मन परस्पर देऊन टाकते. परीक्षा मात्र चेहरा दाखवीत नाही. ती नाव विचारते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रॉडिगर व जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत मोठा उद्बोधक आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सूर्याविषयीचे व समुद्री पाणमांजराविषयीचे असे साधे लहान उतारे दिले. एका गटाने उतारा पाच-पाच मिनिटांच्या चार बैठकांत पुनःपुन्हा वाचला. या गटातील विद्यार्थ्याची सरासरी चौदा वाचने झाली. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या बैठकीत वाचले, म्हणजे सरासरी साडेतीन वेळांहूनही थोडे कमी, आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा बाजूला ठेवून, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ७१. येथेच प्रयोग संपला असता, तर चौथ्या वाचनाचे समर्थक जिंकले असते. परंतु ज्यांची परीक्षा एका आठवड्यानंतर झाली, त्यांच्यात वाचणारे ४० टक्क्यांवर घसरलेले होते, आणि लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकून होते. याहून मार्मिक बाब अशी, की 'आठवड्यानंतर किती आठवेल?' असे आधीच विचारले असता, अधिक आत्मविश्वास चौदा वेळा वाचणाऱ्यांनी दाखविला होता.

माझ्या मते या प्रयोगाचे मर्म त्या आत्मविश्वासात आहे. वाचणे सुखाचे असते, कारण त्यात आपले अज्ञान उघडे पडत नाही. पुस्तक मिटून कोरा कागद पुढे घेतला, की तिसऱ्या ओळीलाच पेन अडते, स्वतःची लाज वाटते, आणि हात नकळत पुस्तकाकडे जातो. पण अडण्याचा तो क्षणच खरा अभ्यासाचा असतो, कारण स्मृतीच्या कोठारात टाकलेला जिन्नस बाहेर काढण्याची वाट तेव्हाच पडते आणि दर खेपेस थोडी अधिक मळते. माझे आजोबा पेढीच्या भाषेत सांगत, की उधारी वहीत मांडली म्हणजे पैसे गल्ल्यात आले असे होत नाही. वसुलीला जावे लागते. वाचन ही वहीतली नोंद आहे आणि आठवणे ही वसुली आहे. कुळाला मुदतीवर मुदत दिली आणि तगादा कधी लावलाच नाही, तर त्या उधारीचे काय होते, हे कोणत्याही दुकानदाराला विचारावे.

आता तगादा केव्हा आणि किती वेळा लावायचा, या प्रश्नाकडे वळू. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने १८८५ साली स्मृतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातले सारे प्रयोग त्याने केवळ स्वतःवर केले होते. अर्थामुळे पाठांतर सोपे होऊ नये म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि काही काळाने तीच माळ पुन्हा पाठ करताना पूर्वीच्या श्रमांपैकी किती वाचतात, ते घड्याळ लावून मोजले. तासाभराने निम्म्याहून कमी श्रम वाचले, एका दिवसाने जेमतेम तिसरा हिस्सा, आणि ३१ दिवसांनी सुमारे पाचवा हिस्सा. म्हणजे विस्मृतीचा मोठा घाव पहिल्या काही तासांतच बसतो. पुढे ती मंदावते. याच ग्रंथात आणखी एक निरीक्षण आहे, आणि ते परीक्षार्थीने भिंतीवर लिहून ठेवावे अशा योग्यतेचे आहे. एकाच दिवशी लागोपाठ केलेल्या ६८ आवर्तनांनी जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी साधला. जवळजवळ निम्म्या कष्टांत तेवढेच पीक!

आपल्या भाषेने या व्यापाराला 'उजळणी' असे नाव दिलेले आहे, आणि लहानपणच्या पाढ्यांच्या चोपडीचेही नाव तेच होते. तांब्याचे घंगाळ चिंच आणि राख लावून एकदा घासले म्हणजे कायमचे लखलखत राहत नाही. ते काळवंडते, आणि काळवंडू लागले की पुन्हा घासावे लागते. लखलखीत असताना घासण्यात श्रम फुकट जातात, आणि वर्षभर अडगळीत टाकल्यावर घासायला बसावे, तर मनगटे भरून येतात. उजळणीची वेळ या दोहोंच्या मध्ये असते. नव्या धड्याची पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने, असे अंतर वाढवीत गेले, तर प्रत्येक उजळणीला दहा मिनिटे पुरतात. हे अंतर काही पंचांगासारखे काटेकोर पाळावे लागत नाही. थोडे विसरू द्यावे आणि मग आठवावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. विसरण्याच्या भीतीने त्याच संध्याकाळी चौथ्यांदा वाचणारा विद्यार्थी लखलखीत घंगाळच घाशीत बसलेला असतो.

गणिताच्या बाबतीत आणखी एक खोड आपल्या पाठ्यपुस्तकांनीच लावून दिलेली आहे. चक्रवाढ व्याजाचे प्रकरण शिकवून झाले, की त्याखाली चक्रवाढ व्याजाचीच वीस उदाहरणे येतात. पहिली दोन सोडविली, की उरलेल्या अठरांत डोके बाजूला ठेवून केवळ आकडे बदलायचे असतात. कोणती रीत लावायची, हा निर्णय प्रकरणाच्या मथळ्याने आधीच देऊन टाकलेला असतो. परीक्षेत मात्र मथळे नसतात. फ्लॉरिडातील डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकविले. काहींना एकेका प्रकारची उदाहरणे सलग दिली, काहींना सारी सरमिसळ करून दिली. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले, सरमिसळवाले ६३ वर राहिले. सराव गुळगुळीत चालला की विद्या आली, असे समजणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी हे चार आकडे सावकाश वाचावेत. घरच्या घरी करायचे ते इतकेच, की रोजच्या दहा उदाहरणांपैकी चार आजच्या प्रकरणातली आणि सहा मागच्या प्रकरणांतून वाटेल तेथून उचललेली घ्यावीत.

आजोबा मधला पाढा विचारीत, तो यामुळेच. आणि याच दिशेचा एक फार जुना, फार भव्य प्रकार आपल्याकडे वेदपाठशाळांत होऊन गेला. नव्हे, अजून चालू आहे. गुरुजी एक चरण एकदा म्हणतात, शिष्य तो दोनदा म्हणतात, आणि अशी संथा घेत घेत संहिता मुखोद्गत होते. पण काम तेथे संपत नाही. मग पदे सुटी करायची. मग क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे अशा जोड्या म्हणायच्या. जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे असे पुढेमागे विणायचे. आणि घनपाठात त्याच विणीत तिसरे पद ओवायचे. हेतू अर्थात पाठशुद्धीचा होता, अक्षर सोडा, स्वरसुद्धा ढळू नये असा. परंतु त्याचा परिणाम असा झाला असावा, की प्रत्येक पद दोन्ही बाजूंनी हाक मारली असता 'ओ' देऊ लागले. लेखणीचा आधार न घेता इतका अवाढव्य मजकूर या रीतीने टिकला, याची दखल युनेस्कोने २००३ साली मौखिक वारशाचा अद्भुत नमुना म्हणून घेतली.

हे सांगताना गतकालाच्या आरत्या ओवाळण्याचा माझा मानस नाही. ती विद्या किती जणांना दाराबाहेर ठेवून चालली, हे विसरून तिचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि पंतोजींच्या छडीखाली ज्या पोरांनी पावकी-दिडकी ओकली, त्यांतील कित्येकांना दिडकी म्हणजे काय हे उभ्या जन्मात कळले नाही. अर्थावाचून पाठांतर करणाऱ्याला यास्काचार्यांनी निरुक्तात ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे, म्हणजे हे दुखणेही नवे नव्हे. घोकंपट्टीची आपण निंदा केली ती रास्तच होती. चूक झाली ती अशी, की नाणे खोटे निघाले म्हणून आपण थैलीच फेकली. अर्थशून्यतेबरोबर पुस्तक मिटून आठवण्याची सवयही गेली, आणि त्या जागी आला तो गाईडांचा आणि 'अपेक्षित' प्रश्नसंचांचा बाजार, ज्यात उत्तरेसुद्धा तयार मिळतात आणि ती वाचली म्हणजे अभ्यास झाला, असे मानण्याची मुभा असते.

अर्थ लावायचा म्हणजे तरी काय करायचे? पेढीवर रोजच्या उलाढाली रोजकीर्दीत येतील त्या क्रमाने लिहितात, आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवितात. नुसत्या रोजकीर्दीवरून कोणाकडे किती येणे आहे, हे सांगता येत नाही. वर्गात ऐकलेले आणि पुस्तकात वाचलेले ही रोजकीर्द आहे. 'असे का?' आणि 'हे आधीच्या कशाला जुळते?' हे दोन प्रश्न विचारून त्याची खतावणी प्रत्येकाला स्वतःच करावी लागते. ती दुसऱ्याने करून दिलेली चालत नाही. पानिपतची पाच कारणे मी जर रसद, अंतर, मैत्री अशा खात्यांवर मांडली असती, तर चहाच्या वर्तुळाची आठवण काढीत बसण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

एका प्रसिद्ध सुभाषितात विद्येचे चार चतकोर केलेले आहेत. एक चतकोर आचार्यांकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि एक कालक्रमाने. चौथा चतकोर 'वय वाढले की शहाणपण येते' अशा ढिल्या अर्थाने घेण्याची वहिवाट आहे. एबिंगहाउस वाचल्यावर मला तो अंतराअंतराने करावयाच्या उजळणीचा चतकोर वाटू लागला आहे. आणि तिसऱ्याची कथा तर मोठी गमतीची आहे. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे काम पाहणारे अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याचा उपक्रम केला. १७९७ साली त्याविषयी त्यांनी पुस्तक लिहिले, आणि ही पद्धत विलायतेत पसरली. तेथे तिचे आकर्षण मुख्यतः शिक्षकांचा पगार वाचतो, हे होते. खरा नफा शिकविणाऱ्या पोराचा होत असे, कारण दुसऱ्याला समजावताना आपल्याला कोठे समजलेले नाही, ते लपविता येत नाही.

झोपेविषयी दोनच शब्द. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबॅख यांनी दोन विद्यार्थ्यांना अक्षरगट पाठ करावयास लावून काही वेळा झोपविले, काही वेळा जागे ठेविले. आणि झोपून उठल्यावर त्यांना जे आठवले, ते तेवढाच काळ जागे राहिल्यावर आठवलेल्यापेक्षा पुष्कळच अधिक होते. दोनच माणसांवरचा प्रयोग म्हणून त्याकडे दुर्लक्ष करावे, तर पुढच्या संशोधनाने त्याची दिशा बरोबर ठरविलेली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री थर्मासभर चहा करून देणाऱ्या आईचे प्रेम निःसंशय थोर. पण त्या रात्री दिवा मालविणे अधिक उपकारक आहे.

आमच्या शेजारची एक मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या मेजावर मी परवा बुटांचे एक रिकामे खोके पाहिले. आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून तिने पाच कप्पे केले होते आणि त्यांत लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली पत्रे उभी रचली होती. एका बाजूला प्रश्न, दुमडीच्या आत उत्तर. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७२ साली जर्मन भाषेत लिहिलेल्या पुस्तकात हीच युक्ती सांगितलेली आहे, हे तिच्या गावीही नव्हते. मावसभावाकडून शिकले, म्हणाली. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असे पुढे. उत्तर बरोबर आले, की पत्र पुढच्या कप्प्यात जाते. चुकले, की मग ते चौथ्यात असो वा पाचव्यात, मुकाट पहिल्यात येते.

"काका, तुम्ही विचारा," असे म्हणून तिने खोके माझ्यापुढे सरकविले. मी कप्प्यांचा क्रम मोडून मधूनच एक पत्र ओढले. भिंगाच्या चिन्हसंकेताचे होते: वस्तूचे अंतर धन की ऋण, आणि का? तिने छताकडे पाहिले, बोटाने हवेत एक किरण ओढला, पुसला, पुन्हा ओढला. "ऋण," ती म्हणाली, "कारण..." आणि थांबली. मी दुमड उघडणार, तोच तिने माझा हात धरला. "थांबा ना! सांगू नका." एक मिनिट गेले असेल. मग कारण आले, अर्धे बरोबर आणि अर्धे चुकीचे. तिने स्वतःच दुमड उघडून पाहिली, 'च्च' केले, आणि ते पत्र पहिल्या कप्प्यात टाकले. गेल्या तीन आठवड्यांत हे पत्र चौथ्यांदा तेथे परत आले आहे, असे तिने मला सांगितले, आणि पुढचे पत्र काढण्यासाठी खोके पुन्हा माझ्याकडे ढकलले.